वेळ कोणाच्या हातात? अलीकडे वाचलेले मांगा आणि पाहिलेल्या ॲनिमे मालिका

मूळ लेख : अर्धविराम

गेल्या पावसाळ्यापासून मी चार मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचले आणि प्रत्येक वाचून झाल्यावर त्याच कथेवरची ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनची, मालिका पाहिली. हा क्रम आधी ठरवलेला नव्हता. पहिल्या वेळी तो योगायोगाने घडला आणि त्यातून काहीतरी हाती लागते आहे असे वाटल्यामुळे पुढे तसाच ठेवला. पुस्तक सरस की पडदा, हा आपल्याकडे वर्षानुवर्षे चघळला गेलेला वाद मला उकरायचा नाही. मला जाणवलेली गोष्ट थोडी निराळी आहे. मांगा वाचताना वेळ वाचकाच्या हातात असतो. एखाद्या चौकटीवर दहा मिनिटे रेंगाळायचे की चार पाने भराभर उलटायची, हे तोच ठरवतो. ॲनिमेत हा अधिकार दिग्दर्शकाकडे जातो आणि त्यामुळे पात्रे, प्रसंग, संवाद जसेच्या तसे ठेवले तरी कथा बदलते. कधी ती बिघडते, तर कधी चक्क सुधारते.

‘फ्रीरेन’ ही माझ्या मते सुधारलेली कथा आहे. कानेहितो यामादा यांचे लेखन आणि त्सुकासा आबे यांची चित्रे असलेला हा मांगा २०२० पासून ‘शोनेन संडे’ या साप्ताहिकात येऊ लागला आणि २०२१ मध्ये त्याला मांगा ताईशो पुरस्कार मिळाला. राक्षसराजाचा वध करून चार वीर राजधानीत परततात आणि तेथे ही कथा सुरू होते, म्हणजे या प्रकारच्या इतर कथा जेथे संपतात तेथे. त्या चौघांतली फ्रीरेन ही एल्फ जमातीची जादूगार हजार वर्षांहून अधिक जगलेली आहे, त्यामुळे दहा वर्षांचा सहप्रवास तिच्या खिजगणतीतही नसतो. उल्कावर्षाव पाहताना ती सोबत्यांना सहज सांगून टाकते की पुढचा वर्षाव पन्नास वर्षांनी होईल, तेव्हा मी तुम्हाला याहून चांगली जागा दाखवीन. पन्नास वर्षांनी ती खरोखरच परतते. तोवर देखणा वीर हिम्मेल टक्कल पडलेला, पांढऱ्या दाढीचा, खुजा म्हातारा झालेला असतो. उल्का पाहून झाल्यावर लवकरच तो जातो आणि त्याच्या अंत्यविधीत, ज्याच्यासोबत दहा वर्षे चाललो त्याला जाणून घेण्याचा प्रयत्नच आपण केला नाही, हे कळून फ्रीरेन रडू लागते.

मांगामध्ये ही पन्नास वर्षे मोजक्या चौकटींत सरतात. वाचताना मला ते चातुर्य वाटले, पण गळ्यात काही दाटून आले नाही. मी फ्रीरेनसारखीच पाने उलटत पुढे गेले होते. २०२३ च्या सप्टेंबरपासून २०२४ च्या मार्चपर्यंत चाललेली २८ भागांची ॲनिमे मालिका मॅडहाऊस स्टुडिओची आहे आणि तिचे दिग्दर्शन केइइचिरो साइतो यांनी केले आहे. ती तुम्हाला अशी पाने उलटू देत नाही. नववर्षाचा सूर्योदय पाहण्यासाठी फ्रीरेन पहाटे उठते, तो चौथ्या भागातला प्रसंग पाहा. तिला स्वतःला सूर्योदयाचे काडीचे कौतुक नसते. समुद्रावर उजाडते, तीही पाहते आणि तिला काहीच विशेष वाटत नाही. मग तिची शिष्या फेर्न हसून तिच्याकडे वळते आणि त्या चेहऱ्यामुळे तो सूर्योदय तिला पाहावासा वाटू लागतो. कॅमेरा तिथे घाई करीत नाही, इव्हन कॉल यांचे संगीतही करीत नाही आणि आपल्यालाही करता येत नाही. वेळेची किंमत न कळलेल्या पात्राची ही कथा आहे. प्रेक्षकाला वेळ द्यायला भाग पाडणारे माध्यम तिला अधिक मानवले, यात मला नवल वाटत नाही.

मात्र याच सक्तीचा जाच दुसऱ्या अर्ध्या भागात होतो. प्रथम श्रेणीच्या जादूगारांची परीक्षा सुरू झाली की नव्या पात्रांची रांग लागते आणि मालिका चारचौघींसारखी होऊन जाते. तो भाग मी मांगामध्ये निम्म्या लक्षाने वाचला होता. पडद्यावर तशी सोय नव्हती.

‘प्लूटो’च्या बाबतीत माझे मत नेमके उलटे झाले. ओसामू तेझुका यांच्या ‘ॲस्ट्रो बॉय’मधील एका कथानकावरून नाओकी उरासावा यांनी २००३ ते २००९ या काळात हा आठ खंडांचा मांगा रचला. पर्शियन राज्यावरील स्वारी, तेथे न सापडलेले संहारक यंत्रमानव आणि त्यांच्या शोधासाठी नेमलेले पथक हे सारे वाचताना २००३ चे इराक युद्ध आठवल्यावाचून राहत नाही. त्यातील ‘नॉर्थ क्रमांक २’ हा यंत्रमानव मला कायमचा लक्षात राहील. तो युद्धात लढलेला आहे आणि आता एका आंधळ्या, तिरसट संगीतकाराच्या घरी खानसामा आहे. त्याला पियानो शिकायचा आहे. पुन्हा रणांगणावर जायचे नाही, एवढेच कारण तो देतो. म्हातारा त्याला पियानोला हात लावू देत नाही, कारण यंत्राला संगीत कळत नाही असे त्याचे म्हणणे आहे. म्हाताऱ्याला स्वप्नात ऐकू येणारी, जागेपणी न आठवणारी बालपणीची एक चाल या प्रकरणाच्या मुळाशी आहे.

मांगामध्ये ती चाल अर्थातच ऐकू येत नाही. पियानोवर ठेवलेली यंत्राची बोटे दिसतात, माळरान दिसते, आकाश दिसते, आणि चाल वाचकाने स्वतःच्या मनात लावायची असते. मी ती लावली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या आठ भागांच्या मालिकेत पहिल्याच भागात ती प्रत्यक्ष वाजते. युगो कान्नो यांचे संगीत वाईट नाही, किंबहुना सुरेल आहे, पण माझ्या मनातली चाल त्या क्षणी पुसली गेली आणि आता काही केल्या आठवत नाही.

‘डंजन मेशी’विषयी थोडक्यात लिहिते. र्‍योको कुई यांचा १४ खंडांचा हा मांगा म्हणजे भुयारातील राक्षसी प्राणी मारून, शिजवून, खाऊन पुढे जाणाऱ्या टोळीची कथा आहे. नायकाच्या बहिणीला तांबड्या ड्रॅगनने गिळले आहे आणि ती पूर्ण पचण्याआधी तेथे पोहोचायचे आहे. हातात पैसा नसल्यामुळे वाटेत मिळेल ते रांधायचे आहे. आपोआप चालणारे चिलखत हे वस्तुतः शिंपल्यातील जिवांची वसाहत आहे असा शोध लागतो आणि सेन्शी नावाचा बुटका आचारी त्या चिलखताच्या शिरस्त्राणातच रस्सा उकळतो, हे प्रकरण स्वयंपाकाची आवड असलेल्या कोणीही चुकवू नये. ट्रिगर स्टुडिओच्या २४ भागांच्या मालिकेत (२०२४) पदार्थ रंगीत झाले आणि मांगाच्या काळ्यापांढऱ्या रेषांपेक्षा तेच मला अधिक खमंग वाटले. येथे माझा सिद्धान्त फारसा लागू पडत नाही, हे मान्य करते.

चौथी कथा ‘ऑर्ब’. उओतो यांचा आठ खंडांचा हा मांगा २०२० ते २०२२ या काळात प्रसिद्ध झाला, २०२२ मध्ये त्याला तेझुका ओसामू सांस्कृतिक पुरस्कार मिळाला आणि २५ भागांची मालिका ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५ मध्ये आली. पंधराव्या शतकातील युरोपात पृथ्वी फिरते असे मानणाऱ्यांचा छळ होत आहे आणि एकाचे हस्तलिखित दुसऱ्याच्या, दुसऱ्याचे तिसऱ्याच्या हाती पडत जाते. ज्याला आपण नायक समजतो तो मरतो आणि कथा पुढच्या माणसाला घेऊन चालू राहते. सुरुवातीलाच छळाची दृश्ये आहेत, तेव्हा लहान मुलांसोबत पाहू नये.

(यापुढील दोन वाक्यांत रहस्यभेद आहे.) बादेनी हा साधू पुस्तक जाळले जाणार हे ओळखून त्याचा मजकूर गोरगरिबांच्या डोक्यांच्या कातडीवर गोंदवून ठेवतो, म्हणजे केस वाढले की तो झाकला जावा. हे वाचले तेव्हा इंद्रायणीत बुडवलेली गाथा लोकांच्या कंठात शिल्लक राहिली, ही आपल्याकडे परंपरेने सांगितली जाणारी कथा मला आठवली आणि मी खंड मिटून बराच वेळ बसून राहिले. पडद्यावर तोच प्रसंग आला तेव्हा पुढचे दृश्य लगेच सुरू झाले.

आपण सध्या काय वाचत आणि पाहत आहात, आणि हा फरक आपल्यालाही जाणवतो का, हे जरूर लिहावे.

प्रतिसाद : खगोलखुळा

लेख आवडला. ‘ऑर्ब’ मी केवळ विषयामुळे पाहिली आणि तिच्याविषयी माझ्या मनात एकाच वेळी प्रेम आणि तक्रार आहे.

आधी तक्रार. सूर्यकेंद्री सिद्धान्त मांडणाऱ्यांना पंधराव्या शतकात असे वेचून मारले जात होते, असा समज मालिका पाहून सहज होईल. वास्तविक कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ मध्ये छापला गेला आणि चर्चने त्यावर बंधन घातले ते १६१६ मध्ये, म्हणजे मध्ये सत्तर वर्षांहून अधिक काळ गेला. लेखकाला हे ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. देशाला ‘पी राज्य’ आणि धर्माला ‘सी धर्म’ अशी आद्याक्षरी नावे देऊन त्यांनी आपली सुटका करून ठेवली आहे, पण घाईत पाहणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही.

आता प्रेम. शुक्राचा प्रसंग आठवा. पृथ्वी केंद्रस्थानी मानणाऱ्या जुन्या गणितानुसार शुक्र कायम सूर्याच्या अलीकडे राहतो, त्यामुळे तो आपल्याला चंद्रकोरीसारखाच दिसायला हवा. पूर्ण उजळलेला कधीही दिसता कामा नये. पियास्त नावाच्या वृद्ध विद्वानाने आयुष्य या गणितात घालवले आहे. तीक्ष्ण नजरेच्या ओक्झीला तो शुक्राकडे पाहायला लावतो, आणि आजवर भीतीने आकाशाकडे मानही वर न करणारा हा माणूस जे दिसले ते सांगतो, की शुक्र भरलेला आहे. पियास्तच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे उमटते त्यासाठी मी साऱ्या ऐतिहासिक चुका पोटात घालायला तयार आहे.

जाता जाता एक खुळचट हिशेब सांगतो. शुक्र जेव्हा जवळजवळ पूर्ण उजळलेला असतो तेव्हा तो आपल्यापासून सर्वांत दूर असतो आणि त्याचे बिंब सुमारे १० विकलांचे (विकला म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग) असते. साध्या डोळ्याची मर्यादा साधारण ६० विकला, म्हणजे एक कला आहे. ओक्झीची नजर आपल्यापेक्षा सहापट तीक्ष्ण असल्याखेरीज हे जमणार नाही. गॅलिलिओला १६१० मध्ये त्यासाठी दुर्बीण लागली होती.

प्रतिसाद : सामसूम

अर्धविराम, आपल्या मूळ मुद्द्यालाच माझा थोडा विरोध आहे. मांगामध्ये वेळ वाचकाच्या हातात असतो हे अर्धेच खरे आहे. मी पुण्यात जपानी शिकते आणि गेले वर्षभर अडखळत का होईना मुळातून मांगा वाचते आहे. उजवीकडून डावीकडे वाचताना डाव्या पानाची अगदी शेवटची, खालची चौकट फार महत्त्वाची असते, कारण तिच्यानंतर पान उलटावे लागते. या उलटण्याला जपानीत ‘मेकुरी’ असा शब्द आहे. चित्रकार त्या चौकटीत दार किलकिले ठेवतो, कोणीतरी मागे वळून पाहत असते, आणि पान उलटल्यावर अख्ख्या पानभर तो धक्का बसतो. चौकट रुंद केली की वाचक मंदावतो, अरुंद चौकटी ओळीने मांडल्या की तो धावू लागतो. आपल्याला वाटते आपण थांबलो. खरे तर आपल्याला थांबवलेले असते. मोबाइलवर एकेक पान सरकवून वाचणाऱ्यांना मेकुरी कळत नाही, ही माझी जुनी कुरकुर आहे.

दुसरी गोष्ट चित्रात लिहिलेल्या ध्वनींची. जपानी मांगामध्ये शांततेलाही आवाज असतो: रिकाम्या खोलीच्या चित्रावर ‘शीऽन’ असे लिहिलेले असते. इंग्रजी अनुवादात अशा ठिकाणी अनुवादकाची धांदल उडालेली दिसते. मराठीत करायचे झाले तर अडचण कमी आहे. ‘पोत्सुपोत्सु’ म्हणजे टिपटिप, ‘शितोशितो’ म्हणजे रिपरिप, ‘झाऽझाऽ’ म्हणजे धोधो, ‘दोकिदोकि’ म्हणजे छातीतली धडधड. वर्गात हे शब्द घोकताना इतर भाषांचे विद्यार्थी मेटाकुटीला येतात आणि आम्ही मराठी मुले निवांत असतो. शांततेसाठी आपल्याकडे चिडीचूप आहे, सामसूम आहे. माझे येथील नाव तेथूनच आले.

‘ऑर्ब’चे जपानी नाव नुसते ‘ची’ असे एकाक्षरी असून त्यापुढे पूर्णविराम आहे. भूमी, रक्त आणि ज्ञान या तिन्ही शब्दांचा तोच उच्चार होतो. लेखकाने ते चित्रलिपीत न लिहिता उच्चारलिपीत लिहिले, त्यामुळे कोणताच अर्थ पक्का होत नाही. इंग्रजी नावात हे सारे हरवले.

प्रतिसाद : काळीमाती

मी मांगा फारसे वाचत नाही, पण ‘विनलँड सागा’चे दुसरे पर्व पाहिले आणि त्यावर लिहिल्याखेरीज राहवत नाही. माकोतो युकिमुरा यांचा हा मांगा २००५ मध्ये सुरू झाला आणि २०२५ मध्ये पूर्ण झाला. पहिल्या पर्वात (२०१९) व्हायकिंगांच्या लढाया आहेत. दुसऱ्या पर्वात (२०२३) नायक थोरफिन डेन्मार्कमधील एका जमीनदाराकडे गुलाम म्हणून विकला जातो, आणि त्याला आणि एइनार नावाच्या दुसऱ्या गुलामाला जंगल तोडून शेत तयार करण्याचे काम मिळते. अनेकांनी हे पर्व संथ म्हणून अर्ध्यात सोडले. मला ते एका बैठकीत पाहवले, कारण त्यातील शेती खोटी नाही.

झाड तोडणे सोपे असते. खरा घाम बुंधा उपटताना निघतो. हे दोघे मुळे तोडतात, दोर लावतात, ओढतात आणि दिवसाकाठी कसेबसे पुढे सरकतात. घोडा मिळाला तर काम होईल, पण गुलामाला घोडा कोण देणार? शेवटी जमीनदाराचा म्हातारा बाप आपला घोडा आणि नांगर देतो, पण फुकट नाही, त्याबदली स्वतःची कामे करवून घेतो. आमच्या गावात बैलजोडी उसनी मागायला गेलेल्या माणसाला हा व्यवहार समजावून सांगावा लागणार नाही. पुढे गहू उगवतो आणि जमीनदाराचे नोकर मत्सरापोटी ते कोवळे रोप उद्ध्वस्त करतात. लढाईत माणसे मरताना मी इतका चिडलो नव्हतो.

अर्धविराम म्हणतात तसा वेळेचाच मुद्दा असेल, तर येथे वेळ दिग्दर्शकाच्याही हातात नाही. पेरल्यावर वाट पाहावी लागते आणि मालिका वाट पाहते.

प्रतिसाद : बारा_चौतीस

खगोलखुळा यांच्या प्रतिसादामुळे ‘ऑर्ब’ पुन्हा सुरू केली. एक व्यावहारिक सूचना करतो: ती दिवसा, खिडकीजवळ बसून, मोबाइलवर पाहू नये. रात्रीची दृश्ये इतकी काळोखी आहेत की पहिल्या भागात मला माझाच चेहरा जास्त दिसला.

प्रतिसाद : अर्धविराम

सर्वांचे आभार. सामसूम, आपला आक्षेप मला मान्य करावा लागतो. काल ‘प्लूटो’चा पहिला खंड पुन्हा काढून पाहिला. ज्या चौकटींवर मी ‘स्वतःहून’ थांबले होते त्या बहुतेक पानाच्या रुंदीच्या, बिनसंवादाच्या निघाल्या. उरासावांनी मला तेथे बसवले होते आणि श्रेय मी घेत होते. तरीही एवढे म्हणेन की ते आग्रह करतात, सक्ती करीत नाहीत; पाहुण्याला थांबा म्हणणे आणि दाराला कडी लावणे यांत फरक आहे. काळीमाती, ‘विनलँड सागा’चे पहिले पर्व पाहून मी थांबले होते. आता दुसरे पाहीन, बुंध्यांसाठी.

‘प्लूटो’च्या त्या खंडाची आणखी एक हकिकत सांगते. तो टेबलावर पडलेला पाहून माझ्या वडिलांनी हाती घेतला. त्यांनी आयुष्यात मांगा वाचलेला नाही. तरुणपणी पेटी वाजवीत असत, आता बोटे दुखतात. सवयीने त्यांनी पुस्तक डावीकडून उघडले, शेवटचे पान आधी वाचले आणि हे काही समजत नाही म्हणून ठेवून दिले. मी त्यांना चौकटींचा क्रम समजावून नॉर्थ क्रमांक २ चे प्रकरण काढून दिले. दोन पानांनंतर चष्मा पुसून ते खिडकीशी जाऊन बसले. मी स्वयंपाकघरात होते आणि तेथून मला त्यांचे हलके गुणगुणणे ऐकू येत होते.

संध्याकाळी मी त्यांना मालिकेचा पहिला भाग लावून दिला. म्हातारा संगीतकार, वाडा, पियानो हे सारे त्यांनी मान डोलावत पाहिले. चाल सुरू झाली तेव्हा त्यांनी कान देऊन ती शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाले, “छान आहे. पण ही ती चाल नव्हे.”

मग त्यांना ऐकू आलेली कोणती, असे मी विचारले, तर त्यांनी दोन-तीनदा सुरुवात करून पाहिली आणि सोडून दिले. दुसरा खंड मात्र मागून घेतला आहे.